जुनी खोळ नमुना म्हणून पाठवली नाही: एका बोटीच्या कव्हरचं प्रकरण

पार्श्वभूमी

बोट साधारण पावणेसहा मीटर लांब, फायबरची, पुढे काच आणि मागे आउटबोर्ड इंजिन. सुट्टी मिळाली की मालक ती पाण्यात उतरवतात. एरवी ती वर्षभर ट्रेलरवर उघड्या आवारात उभी असते. वर छप्पर नाही, बाजूला भिंत नाही. ऊन, पाऊस, धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा यांपासून बोटीला वाचवणारी एकच गोष्ट होती, तिच्यावरची कॅनव्हासची खोळ. (ओळख पटू नये म्हणून इथे बारीकसारीक तपशील बदलले आहेत.)

ही खोळ आधीच्या मालकांनी शिवून घेतली होती. मेण चढवलेला जाड सुती कॅनव्हास, काठाला ठरावीक अंतरावर पितळी रिंगा आणि रिंगांतून ओवलेली दोरी. नवी असताना ती छान बसत असणार, कारण शिवण नीट होती आणि कोपरेही विचार करून काढलेले होते. आता मात्र ती ठिकठिकाणी उसवली होती आणि बोटीत पाणी येत होतं.

बोटींच्या देखभालीचं काम मी बरीच वर्षं करतो, म्हणून मालकांनी मला फोन केला. त्यांचा प्रश्न अगदी नेमका होता. "जुनी खोळ नमुना म्हणून कारागिराकडे पाठवतो, हुबेहूब तशीच शिवून घेतो. कापड कुठलं घ्यायचं तेवढं तुम्ही सांगा."

कापडाचं उत्तर फोनवरही देता आलं असतं. मला खटकला तो "हुबेहूब" हा शब्द. म्हणून आधी बोट बघतो, मग सांगतो, असं म्हटलं.

अडचण

जोराचा पाऊस पडून गेला, त्याच्या दुसऱ्या सकाळी गेलो. दिवस मुद्दाम तो निवडला. कोरडी खोळ बघून काहीच कळत नाही.

मागच्या बैठकीवर खोळ पखालीसारखी लोंबत होती. साचलेलं पाणी दीड मीटर लांब आणि मीटरभर रुंद, खोली कुठे चार बोटं तर कुठे वीतभर. सरासरी आठ सेंटिमीटर धरली तरी १२० लिटर होतात. म्हणजे विरलेल्या कापडावर १२० किलोचा भार, आणि तोही रात्रभर. खाली आधाराला एक लाकडी दांडका होता, तो कधीतरी घसरून आडवा पडलेला.

पाणी उपसून खोळ मोकळी केली आणि शिवणीवरून नख फिरवलं. वरच्या, सतत उन्हात असणाऱ्या शिवणींचा दोरा नखाखाली भुशासारखा सुटत होता. काठाकडच्या, सावलीत राहिलेल्या शिवणी त्या मानाने धड होत्या. आपण खोळ फाटली म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आधी दोरा गेलेला असतो. अतिनील किरणं बारीक दोऱ्याला आधी खातात, जाड कापडाची पाळी नंतर येते.

इथे कापडही गेलं होतं. काचेच्या कोपऱ्याजवळचा भाग दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ताणला, तर कागदासारखा टरकला. सुती धागा मुळात वनस्पतीचाच. ओल मिळाली की बुरशी त्यावर जगते आणि तोच खाते. आतल्या बाजूला काळे ठिपके होते आणि बैठकीच्या गाद्यांना कुबट वास येत होता.

खोळीच्या आतून हाताचं बोट टेकवून पाहिलं, तर टेकवलं तिथून पाणी पाझरायला लागलं. सुती कॅनव्हास भिजला की त्याचे धागे फुगतात आणि वीण आपोआप मिटते, पाणी अडण्याचं निम्मं गमक हेच. मेण उतरलेल्या अशा कापडाला आतून काहीही टेकलं, की तिथून गळती लागते. या बोटीत सुकाणूच्या चाकाची वरची कड खोळीला टेकत होती आणि चाकाखालची जागाच नेमकी कायम ओली असायची. मालक इतके दिवस चाकाच्या वर भोक शोधत होते, भोक नव्हतंच.

खोळीचा काठ बाहेरून पाहिला तेव्हा सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट कळली. बोटीच्या कडेवर जुन्या काठाची पुसट रेघ उमटलेली होती, इतकी वर्षं तो काठ तिथे घासत होता म्हणून. आताचा काठ त्या रेघेच्या चार बोटं वर होता. भिजत-वाळत सुती कापड आटलं होतं. काठ वर गेला म्हणून दोरी जास्त ओढायची, दोरी जास्त ओढली म्हणून सगळा ताण रिंगांवर, आणि म्हणून अकरा रिंगा कापडासकट उपटून आलेल्या. मालकांना वाटत होतं रिंगा हलक्या दर्जाच्या होत्या.

हीच खोळ नमुना म्हणून गेली असती, तर नवी खोळ पहिल्या दिवसापासून चार बोटं तोकडी झाली असती.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय दुरुस्तीचा. कापड धड असेल तर मी सगळ्यांना आधी हाच सुचवतो. जुन्या शिवणीवर नव्या दोऱ्याची टीप मारायची, घासलेल्या जागी ठिगळ लावायचं, पुन्हा मेण चढवायचं, खोळ आणखी काही पावसाळे सहज काढते. पण कुजलेल्या कापडात सुई घातली की प्रत्येक टाका म्हणजे नवं भोक, आणि भोकांच्या रांगेवर कापड फाटतं. हा पर्याय पाच मिनिटांत निकाली निघाला.

दुसरा, तयार कव्हर. लांबी-रुंदी सांगितली की मिळतं, लगेच मिळतं आणि शिवून घेतलेल्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं. यावर मालकांशी माझं बराच वेळ बोलणं झालं, कारण त्यांची ओढ तिकडे होती आणि ती चुकीची नव्हती. शेडमध्ये उभ्या असलेल्या बोटीला मी स्वतः तयार कव्हरच सुचवेन. पण ते अनेक आकारांच्या बोटींना बसावं म्हणून सैल ठेवलेलं असतं. सैल कापडात पाणी साचतं आणि वाऱ्यात ते फडफडतं. फडफडणारा धुळकट काठ बोटीच्या चकचकीत थरावर महिनोन्महिने घासला, तर तो थर निस्तेज होतो. उघड्यावरच्या बोटीला हे परवडत नाही.

साधी प्लास्टिकची ताडपत्री आम्ही फक्त मधल्या काळासाठी वापरली. तिच्यातून हवा खेळत नाही, आत घाम धरतो आणि उन्हात ती चुरा होत जाते. घरी शिवायचा विचारही मालकांच्या मनात होता. पण घडी घातलेल्या काठात कापडाचे चार-पाच थर येतात, शिवाय पट्टे. घरगुती शिवणयंत्राची सुई तिथे अडते.

उरला मापाप्रमाणे शिवून घेण्याचा पर्याय. पण माप कशाचं घ्यायचं, हा प्रश्न होताच.

नमुना कशावरून घ्यायचा

जुनी खोळ उसवून, सपाट करून तिच्यावरून नवं कापड बेतणं ही रुळलेली पद्धत आहे. कारागिराला बोटीपर्यंत यावं लागत नाही, काम लवकर होतं आणि स्वस्तही पडतं. मालकांची गळ त्यासाठीच होती. दूरचा एक कारागीर खोळ पाठवा, तशीच करून देतो म्हणत होता. जवळचे दुसरे मास्तर मात्र बोटीवर माप घेतल्याशिवाय कातर लावणार नाही म्हणून अडून बसले होते, आणि त्यांची मजुरी जास्त होती.

मी मालकांना एवढंच म्हटलं की जुनी खोळ टाकू नका, पण तिला नमुना न मानता साक्षीदार माना. पाणी कुठे साचलं, कुठे घासलं, कुठे ताण आला हे ती नीट सांगते. बोटीचं माप मात्र ती आता सांगू शकत नाही. ती आटलेली आहे. आणि ती शिवल्यानंतर बोटही बदलली आहे, काचेशेजारी अँटेना आला आहे आणि उजव्या कडेवर गळाच्या काठ्यांचे दोन खुंट बसवले आहेत.

मग आम्ही दोघांनी जुनी खोळ बोटीवर पसरून तिच्यावर खडूने खुणा केल्या. साचण्याच्या जागी गोल, घासल्याच्या जागी फुली, ताणाच्या जागी बाण. त्याचे फोटो काढले. जुन्या खोळीचा यापेक्षा मोठा उपयोग नव्हता, आणि यापेक्षा लहानही नव्हता.

काम जवळच्या मास्तरांना द्यायचं ठरलं.

कापड आणि दोरा

कापडाचे चार प्रकार समोर होते. पुन्हा सुती कॅनव्हास घ्यायचा नाही, यावर एकमत होतं. पीव्हीसीचा थर दिलेलं कापड पाणी पूर्ण अडवतं, पण आतली वाफही अडवतं. आधीच कुबट झालेल्या बोटीला ते चाललं नसतं. राहिले पॉलिएस्टर आणि अ‍ॅक्रिलिक, दोन्ही धागा बनतानाच गाभ्यापर्यंत रंगवलेले. कापड विणून झाल्यावर दिलेला रंग उन्हात वरवर उडतो, गाभ्यातला रंग टिकून राहतो. सनब्रेला हे या जातीच्या अ‍ॅक्रिलिक कापडाचं ओळखीचं नाव, १९६१ पासून बाजारात असलेलं. कापडी छज्जे आणि बोटींच्या खोळी या दोन्हींत ते दिसतं.

दोघांत निवड करताना एकच प्रश्न विचारावा लागतो. कापडाचा शत्रू ऊन आहे की घासण? अ‍ॅक्रिलिक उन्हात फार टिकतं आणि त्यातून हवा खेळते, पण घासणं त्याला सोसत नाही. पॉलिएस्टर घासण्याला आणि ओढाताणीला चिवट, पण उन्हापुढे तुलनेने लवकर नमतं. खोळ घालून बोट रस्त्यावरून ओढून न्यायची असेल तर पॉलिएस्टर, एका जागी उन्हात उभी राहणार असेल तर अ‍ॅक्रिलिक. मी मालकांना विचारलं, "खोळ घालून बोट नेता का?" ते म्हणाले, "नाही." मी ते उत्तर लिहून घेतलं आणि पुढे गेलो. या प्रश्नाकडे शेवटी परत यावं लागेल.

ठरलं ते अ‍ॅक्रिलिक, चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपास वजनाचं, मधल्या छटेचं राखाडी.

दोऱ्यावर जास्त चर्चा झाली. मालकांना वाटत होतं दोरा तो दोरा. मी त्यांना जुन्या शिवणीतला भुसा तळहातावर घेऊन दाखवला. अतिनील किरणं सोसणारा पॉलिएस्टर दोरा चांगला असतो, पण सतत उन्हात तोही काही वर्षांत कमजोर होतो आणि अ‍ॅक्रिलिक कापड त्याच्या मागे उरतं. मग धड कापडाची नव्याने शिलाई करायची वेळ येते. पीटीएफईचा दोरा मिळतो. न चिकटणाऱ्या तव्यावरचा थर असतो तोच हा पदार्थ, १९३८ साली अपघाताने सापडलेला. ऊन त्याला खात नाही. तो बराच महाग, आणि निसरडा असल्यामुळे यंत्रावर ताण जमवायला अवघड. मास्तर आधी कुरकुरले, मग म्हणाले, "साहेब, तुकडा द्या, दोन दिवस यंत्रावर बसवून बघतो." तिसऱ्या दिवशी त्यांनी जमल्याचं कळवलं. वरच्या सगळ्या शिवणी त्याच दोऱ्याने करायचं ठरलं. पैसे वाचवायचे असतील तर कापडात वाचवा, दोऱ्यात नको, असं माझं ठाम मत आहे.

माप, कापणी, शिवण

मास्तर माप घ्यायला आले त्या दिवशी काम सुरूच झालं नाही. मीच थांबवलं. खोळीखालचे आधार अजून बसवले नव्हते. आधारांनी कापडाला उतार मिळतो, आणि उतार ठरल्याशिवाय घेतलेलं माप खोटं असतं. मास्तरांची फेरी फुकट गेली, त्याचे पैसे मालकांनी न मागता दिले.

दोन दिवसांत उंची कमी-जास्त करता येणारे दोन खांब बसवले, वरच्या टोकांना रुंद गोल टोपी, म्हणजे कापडाला टोचणार नाहीत. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत खांबांवरून एक रुंद पट्टा ताणून बांधला. घराच्या आढ्यासारखी रेघ तयार झाली. मग मास्तरांनी बोटीवर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवलं, चिकटपट्टीने जोडत, एकही सुरकुती न ठेवता. त्यावर मधली रेघ आखली. काचेचे कोपरे, अँटेना, खुंट, इंजिनाचा उंचवटा, सगळं पेनाने उतरवलं. एका बाजूचं माप घेऊन ते उलटं वापरायचं नाही, दोन्ही बाजू वेगळ्या मोजायच्या, हे त्यांनी स्वतःहून केलं. डाव्या आणि उजव्या कडेत दीड सेंटिमीटरचा फरक निघाला, खुंट तर फक्त उजवीकडेच होते.

कापणीआधी मी एक बादली पाणी मागवलं आणि प्लास्टिकवर सावकाश ओतलं. पाणी दोन्ही बाजूंना उतरलं, पण काचेच्या मागे ओंजळभर थांबलं. मास्तरांनी मागचा खांब तीन बोटं वर केला. पुन्हा ओतलं, सगळं उतरलं. वर केलेल्या खांबावर प्लास्टिक नव्याने ताणून तेवढ्या भागाच्या खुणा पुन्हा केल्या. या सगळ्याला अर्धा तास लागला असेल. संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा अर्धा तास.

शिवणीतल्या तीन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. कडा गरम सुरीने कापल्या, म्हणजे धागे वितळून बंद होतात आणि सुटत नाहीत. जोडशिवणी दुहेरी घडीच्या, आणि घडीचं तोंड उताराच्या दिशेने, कौलं एकावर एक रचतात तसं. आणि काठाला रिंगांऐवजी नेफा, त्यात सलग दोरी. रिंगेवर ताण एका बिंदूवर येतो, नेफ्यात तो काठभर वाटला जातो. नेफ्याच्या वर ठरावीक अंतरावर पट्टे, ते ट्रेलरच्या खालून बकलने आवळायचे. टिचबटणांचा विचार झाला होता, पण त्यासाठी बोटीला भोकं पाडावी लागतात, ते मालकांना नको होतं आणि मलाही.

जुन्या खोळीवरच्या प्रत्येक फुलीच्या जागी आतून दुसरा जाड थर लावला. हवेसाठी टोपी असलेली दोन तोंडं ठेवली, एक पुढे, एक मागे.

निकाल

पहिल्या मोठ्या पावसानंतर मालकांनी फोन केला. वर पाण्याचा थेंब साचला नव्हता, पण एका आडव्या शिवणीखाली ओलसर रेघ दिसत होती. हे मी आधी सांगायला हवं होतं. सुती कापडात टाक्याचं भोक धागे फुगून बुजतं. कृत्रिम कापड फुगत नाही, त्यामुळे सुईच्या भोकातून थोडं पाणी झिरपू शकतं. कोरड्या दिवशी शिवणींवर आतून सीलर लावलं, रेघ थांबली.

बोटीचं पुढचं टोक थोडं वर ठेवायचं आणि तळाचं बूच काढून ठेवायचं, ही सवयही लावून घेतली. चुकून आत गेलेलं पाणी मागे वाहत जाऊन बाहेर पडतं.

आता दोन वर्षं झाली. शिवणीवर नख फिरवलं तर दोरा तसाच घट्ट. गाद्यांचा वास गेला. दुसऱ्या वर्षाअखेर वरच्या भागावर पाण्याचे मणी बनायचे कमी झाले, तेव्हा खोळ साध्या साबणाने थंड पाण्यात धुतली, सावलीत वाळवली आणि पाणी परतवणारं द्रावण पुन्हा मारलं. अ‍ॅक्रिलिकवर बुरशी धाग्यावर जगत नाही, धाग्यावर बसलेल्या मळावर जगते. म्हणून धुण्याला फार महत्त्व आहे.

पुन्हा करायचं झालं तर

वेळेचा अंदाज चुकला. माप, दोऱ्याची चाचणी, शिवण आणि पुन्हा बसवून पाहणं यात कित्येक आठवडे गेले आणि तेवढा काळ बोट ताडपत्रीखाली घामेजत राहिली. जुनी खोळ पूर्ण फाटायची वाट न पाहता, नखाखाली दोरा सुटायला लागला तेव्हाच काम सुरू करायला हवं होतं.

प्लास्टिकचे नमुने मास्तरांकडेच राहिले. ते मालकांना द्यायचे, असं आधी बोलून घेतलं नव्हतं. मास्तर भले माणूस, मागितल्यावर त्यांनी दिले, पण कापड, दोरा, खांबांची संख्या, नमुन्याची मालकी आणि एकदा बसवून पाहिल्यानंतरची दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, एवढं कागदावर हवंच होतं. उरलेलं कापड आणि दोऱ्याचं रीळ मात्र आम्ही आठवणीने मागून घेतलं होतं.

आणि तो प्रश्न. दुसऱ्या वर्षी तपासताना अँटेनाच्या बुडाशी रुपयाएवढी जागा विरलेली दिसली. तिथे दुहेरी थर नव्हता, कारण जुन्या खोळीवर तिथे फुली नव्हती. जुनी खोळ अँटेनाच्या आधीची. ही माझी चूक होती, साक्षीदाराला जे माहीतच नव्हतं ते मी वेगळं शोधायला हवं होतं. पण नुसत्या वाऱ्याने एवढं घासणार नाही, म्हणून मालकांना पुन्हा विचारलं. ते थोडं थांबून म्हणाले, "दोनदा नेली होती हो, खोळ न काढता. पाऊस होता." खोटं ते आधीही बोलले नव्हते. मी "नेता का?" असं विचारलं, म्हणून त्यांनी नेहमीची सवय सांगितली. "गेल्या वर्षभरात एकदा तरी नेली का, आणि कधी?" असं विचारलं असतं, तर खरं उत्तर तेव्हाच मिळालं असतं आणि पुढच्या भागाला पॉलिएस्टरचा थर देता आला असता.

उरलेल्या कापडातून मास्तरांनी अँटेनाभोवती तळहाताएवढं गोल ठिगळ लावून दिलं, आत चिवट पॉलिएस्टरचा थर घालून. मालक आता बोट न्यायच्या आधी खोळ काढतात, ओली असेल तर घडी न घालता बैठकीवर मोकळी टाकतात आणि पोचल्यावर पहिल्यांदा ती वाळत घालतात.